धारूर घाटावरचं तांब्याभर पाणी

आमच्या गच्चीवर पापड वाळत घातले की दक्षिणेला डोंगराची एक निळी रेघ दिसते. तो बालाघाट. लग्न होऊन माजलगावात आले तेव्हापासून ती रेघ बघतेय, पण तिच्यावर चढून वर काय आहे ते बघावं असं कधी मनात आलं नाही. काशी झाली, रामेश्वर झालं, लेकीच्या हट्टापायी महाबळेश्वरला जाऊन आंबट स्ट्रॉबेरी गोड मानून खाल्ली, आणि जीपनं सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल असं धारूर मात्र राहून गेलं. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, "धारूर ना? आहे की, घाटावर," एवढंच सांगतील. बघितलेलं कुणी नाही. म्हणून हे लिहायला बसले.

जाणं झालं ते कमळामुळं. कमळा माझी शेजारीण, अंगणवाडीत शिकवते. तिचा नवरा साखर कारखान्यात फिटर आहे, मूळचा तेलगावचा, अबोल आणि भला माणूस. माझा घरीच शिवणक्लास आहे. एका दुपारी कमळा ब्लाउजची बाही सैल करून घ्यायला आली आणि बाही राहिली बाजूला, मशीनशेजारी नुसती बसून राहिली.

"विमलताई, भियाचा फोन आलता," ती म्हणाली. भिया म्हणजे तिचा भाऊ, बळीराम; पूजा त्याची लेक. "तीजला ये म्हणतोय. पूजाची ही शेवटची तीज हाय, पुढल्या वर्षी तिचं लग्न."

कमळा बंजारा समाजाची, धारूरच्या शिवारातल्या एका तांड्यावरची. तीज हा त्यांच्या पोरींचा सण. श्रावणात लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस गाणी म्हणत त्याला पाणी घालतात आणि शेवटच्या दिवशी ओढ्यात सोडतात. कमळानं लग्न केलं ते स्वतःच्या मनानं, समाजाबाहेर, तेही भर श्रावणात तांड्यावर तीज चालू असताना. बाप आधीच गेलेला. आईनं त्या दिवसापासून तिचं नाव घेतलं नाही. भाऊ फोन करायचा, भावजय चोरून लोणचं पाठवायची, पण आई नाही. कमळाचा पोरगा आता कॉलेजात जातो आणि ती अजून एकदाही घाट चढली नव्हती.

"मग जा की," मी म्हणाले. "भावानं बोलावलंय ना?"

"भियानं बोलावलंय. याडीनं न्हाई." याडी म्हणजे आई. "याडीनं मला पाणी दिलं तर काय करू?"

"अगं, पाणी देईल न्हाई तर काय विष देईल?"

"पाणी पाहुण्याला देतात, ताई. मी तिची पाहुणी झाले का, एवढंच मला बघायचंय. पाणी दिलं की मी आल्या पावली परत."

मला काही कळलं नाही. आमच्याकडं माणूस उंबऱ्यात आलं की आधी गूळ-पाणी. माझी लेक पुण्याहून येते तेव्हा मी आधी तांब्या पुढं करते, मग विचारते, "गाडीत जागा मिळाली का?" पाण्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? पण कमळाचा चेहरा बघून मी म्हणाले, "मी येते तुझ्यासोबत." तिचा नवरा यायला तयार नव्हता. तो म्हणाला, "मी असलो तर तिला नीट रडतापण येणार न्हाई." हा माणूस वर्षाकाठी एवढंच एखादं वाक्य बोलतो, पण बोलतो ते नेमकं.

घाट

तेलगावापर्यंत एसटी आणि पुढं काळीपिवळी जीप. जीपचे मालक आणि चालक दोन्ही जमीरचाचा, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांनी आम्हांला पुढच्या सीटवर बसवलं, मागं माणसं भरली, टपावर बी-बियाण्याची पोती आणि दोन कोंबड्या. तेलगाव सोडेपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस आणि कापूस, आमच्याकडच्यासारखाच. मग रस्ता वळला आणि घाट लागला, आणि मी गप्प झाले. माझ्या बाबतीत हे क्वचितच होतं, कमळा वळून बघायला लागली.

एवढं हिरवं मी मराठवाड्यात बघितलं नव्हतं. डोंगरउतारावर सगळी सीताफळीची झाडं, आपली आपण उगवलेली, कुणी लावलेली नाहीत. हिरवी कच्ची फळं पानाआड डोळे मिटून बसलेली. दगडांतून पाण्याच्या बारीक धारा. गार वारा असा की मी पदर अंगाभोवती घेतला. खाली वळून बघितलं तर आमचा सगळा मुलूख सपाट पसरलेला, आणि पार लांब धरणाचं पाणी चमकत होतं. आमची गच्ची काही दिसली नाही, पण मी शोधली.

निम्म्या घाटात जीपनं वाफ सोडली. जमीरचाचांनी शांतपणे गाडी कडेला घेतली. "उतरा सगळे. बुढी तापलीया. तिला जरा पाणी पाजतो."

"चाचा, ह्या गाडीला दर खेपेला असंच होतंय का?" मी विचारलं.

"न्हाई बाई. कधी कधी उतरताना पण होतंय."

कॅन घेऊन ते खालच्या ओहोळाकडं गेले. आम्ही सगळे रस्त्याकडेला दगडांवर बसलो. एका आजीनं पिशवीतून भाजलेले शेंगदाणे काढून ओळख ना पाळख सगळ्यांच्या ओंजळीत घातले. कमळा मात्र उभीच. ती वरच्या वळणाकडं बघत होती. चाचा पाणी घेऊन आले, तिच्याकडं निरखून बघितलं आणि विचारलं, "तू तांड्यावरची ना गं? बळीरामची बहीण?"

कमळानं मान हलवली.

"लई दिसानं आलीस. मला वाटलं वाट इसरलीस." एवढं बोलून ते बॉनेटमध्ये वाकले. कमळा पहिल्यांदा दगडावर बसली आणि तिनं शेंगदाणे खाल्ले.

तांडा

धारूर गावाच्या अलीकडं एक फाटा आहे, तिथं उतरून थोडं चालायचं. तांडा उंचावर आहे, घरं पत्र्याची आणि काही पक्की, मध्ये मोठं लिंबाचं झाड, त्याच्याशेजारी सेवालाल महाराजांचं छोटं देऊळ आणि पांढरा झेंडा. दसरा झाला की निम्मा तांडा ऊसतोडीला बाहेर पडतो, मग घरांना कुलपं. त्यामुळं सगळी माणसं एकत्र असण्याचे हेच दिवस, आणि तीजही ह्याच दिवसांत. लिंबाखाली उंच माचावर टोपल्या मांडल्या होत्या, त्यांत गव्हाचे पिवळसर कोंब वीतभर वाढलेले. पोरी घागरी घेऊन पाणी घालत होत्या आणि गात होत्या.

आमच्या पुढंच एक रिक्षा येऊन थांबली. तिच्यातून एक बाई उतरली, आणि घरातून दोन बाया धावत आल्या. तिघींनी एकमेकींच्या गळ्यात हात घातले आणि मोठ्यानं रडायला लागल्या. साधं रडणं नाही, सूर लावून, ओळी म्हणत. अरे देवा, सणासुदीच्या दिवशी कुणाच्या तरी घरी मयत झाली! मी लगेच डोक्यावरून पदर घेतला, चप्पल बाजूला काढली, चेहरा पाडला आणि जवळ उभ्या असलेल्या एका तरण्या बाईला हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

ती बाई माझ्याकडं बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता खाली बसली. ती होती रुक्मिणी, कमळाची भावजय.

"कुणी न्हाई गेलं, मावशी," ती म्हणाली. "ती आलीया!"

मग तिनं मला समजावलं. ह्यांच्यात लई दिवसांनी माहेरची बाई भेटली की गळ्यात पडून रडतात. रडण्यातच सगळी खबर सांगायची: कोण आजारी होतं, कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न मोडलं, किती दिवस तुझी आठवण काढली. "फोनवर बोललं तर ते बोलणं न्हाई," रुक्मिणी म्हणाली. "ह्येच खरं बोलणं." तोवर तिकडं रडणाऱ्या तिघींचं बोलून झालं होतं, त्यांनी डोळे पुसले आणि हसत हसत रिक्षातलं सामान काढायला लागल्या. मी आपली चप्पल परत पायात घातली.

तेवढ्यात घरातून कमळाची आई बाहेर आली. उंच, कडक, अंगावर आरशांचा लाल फेटिया, म्हणजे घागरा, आणि काचळी, म्हणजे त्यांची चोळी. म्हातारी हालली की आरसे चमकायचे. ती दारातच थांबली. कमळा पुढं गेली. आता पडतील गळ्यात, असं मला वाटलं. कमळानं पदर सावरला, दोन्ही हात जोडले आणि वाकून आईच्या पायांना हात लावला.

म्हातारी वळून आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"बेस," ती म्हणाली, म्हणजे बस. "पाणी पी."

कमळानं तांब्या घेतला. सगळं पाणी प्याली, एका दमात. मग मलाही पाणी आलं. गार आणि गोड पाणी होतं, पण मी दोन घोट घेऊन तांब्या खाली ठेवला.

रुसवा

संध्याकाळी कमळा म्हणाली, "उद्या सकाळच्या जीपनं जाऊ." मी म्हणाले, "तू जा. मी तीज बघायला आलेय, बघितल्याशिवाय हालत न्हाई." मला माहीत होतं, मला सोडून ती जाणार नाही. आमच्या घरात माझ्या हट्टाला सगळे कंटाळले आहेत, पण तो दिवस हट्टासाठीच होता.

म्हातारीचं नाव जमनीबाई, सगळे याडी म्हणतात, मीही म्हणायला लागले. माझ्याशी तिचं लगेच जमलं. ती मराठी बोलायची, मध्येच त्यांची बंजारा भाषा, गोरबोली, मिसळायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्या ब्लाउजची शिवण चिमटीत धरली.

"कुणी शिवलं?"

"मीच."

"हात चांगला हाय. पण आरसा कावून न्हाई लावला? एवढी जागा मोकळी सोडलीस!"

"आमच्याकडं असले आरसे लावून बाजारात गेले तर लोक त्यात भांग पाडतील."

ती खदखदून हसली आणि मला एक चापट मारली. मग तिनं काचळीवरचा टाका कसा घालतात ते दाखवलं. माझा टाका सरळ जायला शिकलेला, तिचा आरशाभोवती गोल फिरायचा. माझं बोट दोनदा टोचलं. "माजलगाववाळी," ती म्हणाली, "गोल फिरायला शिक, सगळं जग सरळ न्हाई." अशी ती माझी थट्टा करायची. आणि कमळा आली की तिचा आवाज बदलायचा. "चहा घे. इथं बस. ऊन लागंल." शब्द सगळे मायेचे, पण बँकेतली बाई बोलते तसे. कमळाही तशीच, "हो, घेते, बसते." दोघींचं हे शिष्टाचाराचं नाटक बघून मला त्या दोघींची डोकी एकमेकींवर आपटावीशी वाटत होती.

जेवण मात्र काय सांगू! ते भाकरीला बाटी म्हणतात. ज्वारीची जाड बाटी, रानातून आणलेल्या तरोट्याची भाजी आणि पाट्यावर वाटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडं तरोटा बांधावर उगवतो आणि आम्ही तो उपटून फेकतो. इथं लसूण घालून परतलेला तोच तरोटा मी दोनदा वाढून घेतला. शेवटी गळवाणी, म्हणजे गुळाच्या पाण्यात गव्हाचं पीठ शिजवून वर तुपाची धार. घरी गेल्यावर करून बघितली, गुठळ्या झाल्या.

धारूर

त्या दिवशी धारूरचा बाजार होता. मी, कमळा आणि याडी, तिघी चालत गेलो. याडी पुढं, कमळा मागं, मध्ये मी. धारूर तसं लहान गाव, पण चढ-उताराचं. आमच्याकडं सगळं सपाट, तिथं दुकानातून दुकानात जायलाही पायऱ्या. जुनी दगडी घरं, अरुंद गल्ल्या, आणि पलीकडं किल्ला. बाजारात तांड्यांवरच्या म्हाताऱ्या बाया चमचमत्या कपड्यांत, त्यांच्या शेजारी बुरखेवाल्या बाया, फेटेवाले धनगर, आणि सगळे एकाच ढिगातल्या मिरच्या निवडत भांडत होते. तीन बोली एकमेकींत मिसळून जात होत्या. भाव मात्र सगळ्यांना एकाच भाषेत कळत होता.

मी किल्ला बघायचा हट्ट धरला. याडी म्हणाली, "दगडं बघायला पायपीट? आमच्या दारात लई दगडं हाईत." पण आली. जाताना मी डझनभर केळी घेतली. किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं की खाली दरी आणि पाण्याचं तळं दिसतं, आणि वारा असा की बोललेलं ऐकू येत नाही. मी पदर धरून बघत उभी होते, तेवढ्यात कुणीतरी हळूच हातातली पिशवी ओढली. मला वाटलं कमळा. म्हणून मी सोडली. वळून बघते तर माकड! पिशवी घेऊन तटावर बसलं आणि शांतपणे एकेक केळं सोलून खायला लागलं. माझ्याकडं बघत. मी दगड उचलला तर त्यानं माझ्याच अंगावर साल फेकली.

मी ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही. पण त्या ऐकून याडी आणि कमळा एकाच वेळी हसायला लागल्या. दोघींचं हसणं अगदी सारखं, आधी घशात अडकणारं आणि मग फुटणारं. दोघींनाही ते कळलं. एकमेकींकडं बघितलं, आणि झालं, दोघी परत गप्प. याडी म्हणाली, "चला, ऊन लागंल."

माझी केळी गेली त्याचं मला दुःख नव्हतं. ते हसणं तिथंच थांबलं ह्याचं मात्र फार वाईट वाटलं.

चुलीपाशी

तिसरा दिवस तीज सोडण्याचा. सकाळी रुक्मिणी चुरम्याची तयारी करत होती, मी गूळ फोडायला बसले. माझ्या पोटात काही राहत नाही. मी म्हणाले, "तुझ्या सासूचं काळीज दगडाचं हाय का गं? एवढ्या वर्षांनी लेक आली आणि तिला तांब्याभर पाणी!"

रुक्मिणीनं हातातली परात खाली ठेवली. "मावशी, याडी दोन रात्री जेवलेली न्हाई. ताटावर बसती आणि उठती. ती तर वाट बघतीया."

"कशाची?"

"ननंदबाईनं गळा धरायची! आमच्यात येणारीनं आधी गळा धरायचा. पहिला हुंदका तिचा, मग घरातलीनं साथ द्यायची. ननंदबाईनं तर हात जोडले! असे हात परकी माणसं जोडतात. मत मागायला येणारे जोडतात. याडी मला म्हणाली, पोरगी पाहुणी होऊन आलीया, पाहुणीला पाणी द्यायला पायजे."

माझ्या हातातला गुळाचा खडा खाली पडला. "अगं पण ती तिकडं याडी आधी रडंल म्हणून थांबलीया!"

"तिला ठावं न्हाई?"

ठाऊक असणार कसं? मी तसं ओरडूनच विचारलं, तेव्हा रुक्मिणीनंच कपाळावर हात मारून सांगितलं. कुमारी पोरी असल्या रडण्यात नसतात. लग्न होऊन सासरी गेलेली पोर पहिल्यांदा माहेरी येते तेव्हा मोठ्या बाया तिला हे शिकवतात. कमळाची ती पहिली खेप झालीच नव्हती. ती वाकून पाया पडली कारण माजलगावात सून म्हणून ती तेच शिकली होती. बिचारीनं आपल्याकडचा सगळ्यात मोठा मान आईला दिला, आणि आईनं तो दारात आलेल्या परक्याचा नमस्कार म्हणून घेतला.

मी तशीच उठले, गुळाचे हात घेऊन. कमळा आडापाशी कपडे पिळत होती. मी सगळं सांगितलं. तिनं पिळलेलं लुगडं तसंच हातात धरलं.

"म्हणजे ती…"

"म्हणजे ती तुझी वाट बघतीया, येडे! जा आणि पड गळ्यात!"

"मला येत न्हाई ते," कमळा म्हणाली. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "मला सूर ठाऊक न्हाई, शब्द ठाऊक न्हाईत. गोरबोलीपण निम्मी इसरले. सगळ्या तांड्यासमोर कसं रडू? हसतील."

"हसू दे. मी आल्या आल्या 'कोण गेलं' म्हणून विचारलं, त्याच्यापेक्षा जास्त तर हसणार न्हाईत!"

तीज

दुपारी सगळा तांडा लिंबाखाली जमला. तांड्याचे नायक, म्हणजे इथले जाणते प्रमुख, पागोटं बांधून बसले होते. पोरींनी टोपल्यांतले कोंब खुडून आधी त्यांच्या पागोट्यात खोवले, मग सगळ्या थोरांच्या. माझ्याही अंबाड्यात पूजानं चार कोंब खोवले. मग टोपल्या डोक्यावर घेऊन पोरी ओढ्याकडं निघाल्या, आणि निघतानाच त्यांचं रडणं सुरू झालं. नऊ दिवस जपलेलं सोडायचं म्हणून. ज्यांचं लग्न ठरलंय त्या जास्त रडत होत्या. पूजा तर उभी राहू शकत नव्हती. आमच्याकडं लग्नात पोरगी रडली की मेकअप बिघडेल म्हणून मैत्रिणी तिला गप्प करतात. इथं कुणी कुणाला गप्प करत नव्हतं.

ओढा वाहत होता. पूजानं टोपली पाण्यात सोडली. कोंब सुटे होऊन वाहत निघाले. याडी काठावर एकटी उभी होती, पाण्याकडं बघत. कमळा माझ्या शेजारी. मी तिचा हात सोडला आणि कोपरानं तिला ढोसलं. जरा जोरातच ढोसलं.

कमळा गेली. आईच्या समोर उभी राहिली. हात परत जुळायला निघाले, सवयीनं. तिनं ते मध्येच थांबवले आणि आईच्या गळ्यात टाकले.

"मार याडी ये…" माझे आई गं, असं तिनं त्यांच्या बोलीत सुरू केलं आणि पुढं अडखळली. मग जे आलं ते मराठीत आलं, आणि सूर आला तो अंगणवाडीतल्या बडबडगीताचा! "मी आले गं याडी… लई उशिरा आले गं…" रोज पोरांना टाळ्या वाजवून शिकवते तीच चाल. एका पोरीला हसू फुटलं. पण म्हातारीनं दोन्ही हातांनी लेकीला असं आवळलं की काचळीचे आरसे करकरले. आणि तिनं आपला सूर लावला. मोठा, डोंगरात घुमणारा. मध्येच, रडता रडताच, तिनं कमळाच्या पाठीवर चापट मारली आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतीया?" मी रुक्मिणीला विचारलं.

"सूर वर घे म्हणतीया. खालून रडू नको म्हणतीया."

कमळानं सूर वर घेतला. याडी एक ओळ म्हणायची, कमळा मागून. रुक्मिणी डोळे पुसत माझ्या कानात सांगत होती. "बापू गेले तवा तू लहान होतीस, म्हणतीया… तुला शाळेत घातलं, वाट बघितली, म्हणतीया…" आणि मग रुक्मिणी थांबली. तिला पुढं सांगता येईना.

"सांग की!"

"म्हणतीया, तू तीज टाकून गेलीस. राहिलेले दिवस तुझ्या टोपलीला मी पाणी घातलं. पोरी हसल्या तरी घातलं. आणि शेवटच्या दिवशी सगळे घरी गेल्यावर मी एकटीनं ती ह्याच ओढ्यात सोडली. तवा माझ्यासंगं रडायला कुणी नव्हतं."

काठावर मग कुणी हसत नव्हतं. एकेक बाई पुढं गेली आणि त्या दोघींच्या गळ्यात पडली. मी? मी कोण, कुठली माजलगावची! पण माझे पाय आपोआप गेले. मला ना सूर ठाऊक ना शब्द, मी आपली "अगं बाई, अगं बाई" एवढंच म्हणत रडले. नंतर सगळ्या बायांनी माझी नक्कल करून दाखवली. सगळ्यांनी डोळे पुसले आणि चुरमा खाल्ला. याडी त्या दिवशी दोन माणसांचं जेवण जेवली.

निघताना कमळाची आणि आईची परत रडारड झाली, पण ती आता सराईतासारखी. जमीरचाचांनी हॉर्न वाजवायचा सोडून बिडी पेटवली. मी याडीला म्हणाले, "तुमी पण या की घाट उतरून." ती म्हणाली, "येईन. पण तुझ्या घरी आले तर पाणी देऊ नको."

माजलगाव

गौरींच्या आदल्या दिवशी माझी लेक पुण्याहून आली. दुपारची वेळ, मी मशीनवर होते. दारात बॅग ठेवल्याचा आवाज आला. मी सवयीनं उठले, माठातून तांब्या भरला आणि दाराशी गेले. ती घामेजलेली, एका हातात मोबाईल, केस बांधायचं रबर दातात धरलेलं. थकली होती पोरगी, डोळ्यांखाली काळं आलं होतं. एरवी मी विचारलं असतं, गाडीत जागा मिळाली का.

मी तांब्या कट्ट्यावर ठेवला. तिला हे कुणी शिकवलेलं नाही, येणारीनं आधी गळा धरायचा ते तिला माहीत असायचं कारण नाही. म्हणून पहिला हुंदका मीच घेतला. दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकले आणि दारातच मोठ्यानं सूर लावला, वरचा, याडीनं सांगितला होता तसा. समोरची खिडकी उघडली. शेजारच्या गच्चीवरून कमळा वाकून बघायला लागली.

लेकीच्या हातातला मोबाईल खाली पडला. "आई! आई, काय झालं? कोण गेलं गं?"

"कुणी न्हाई गेलं, बये," मी रडत रडत म्हणाले. "तू आलीयास."